महिन्याचे १५० पौंड: ब्रिटनच्या गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री,
युनायटेड किंग्डम, लंडन.

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत आहे. इंग्रजी किंवा वेल्श नसलेल्या प्रत्येक कागदाला तुमच्या खात्याला भाषांतर जोडून लागतं, आणि त्याखाली भाषांतरकारानं ते बरोबर असल्याचं लिहून सही ठोकावी लागते. आमच्या फायलीतल्या तीन मराठी कागदांवर मी तो खर्च केला आहे. या पत्रावर करणार नाही. तुमच्याकडे भाषांतरकारांची वानवा नसावी. शिवाय हे पत्र माझ्यासारख्या, नवऱ्याच्या देशाच्या व्हिसासाठी कागद गोळा करत बसलेल्या बायकांनी वाचावं अशी जास्त इच्छा आहे. तुमचं नाव घातलं नाही, कारण त्या खुर्चीवरची माणसं बदलत राहतात, नियम मात्र मागच्या माणसाचा पुढच्याला वारसाहक्कानं मिळतो.

मी नाशिकला राहते. सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब खात्याची प्रमुख आहे. वीस वर्षं लोकांचे ताळेबंद तपासतेय, त्यामुळे आकड्यांचा मला राग येत नाही. आकडा चुकीच्या रकान्यात बसवलेला दिसला की मात्र राहवत नाही. परदेशी जोडीदाराला ब्रिटनमध्ये आणण्यासाठी तुम्ही जी उत्पन्नाची अट घालता, त्या नियमात तसं झालंय, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी माणसं सांगते. माझा नवरा जन्मानं ब्रिटिश. सासरे मिरजेहून डॉक्टर होऊन साठच्या दशकाच्या शेवटी तिकडे गेले, वुल्व्हरहॅम्प्टनला स्थिरावले. सासूबाई १९७४ मध्ये लग्न होऊन त्यांच्या मागे गेल्या. नवऱ्याचा जन्म तिथला, शाळा तिथली, बोलणंही तिथलं. 'बस'ला तो अजून 'बूस' म्हणतो आणि मुलं त्याला हसतात. तेरा वर्षांपूर्वी तो पक्ष्यांच्या कामासाठी सहा महिने म्हणून नाशिकला आला आणि राहिला. नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीवर हिवाळ्यात उतरणारी बदकं मोजणं हे त्याच्या संस्थेचं काम. २०२० मध्ये त्या जागेला महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा घरी पुरणपोळी झाली होती. पगार महिना ६५ हजार रुपये. माझा त्याच्या पावणेतीनपट. आम्हाला दोन मुलं, अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. बाप ब्रिटनमध्ये जन्मलेला, म्हणून दोघंही जन्मापासून ब्रिटिश. कपाटाच्या एकाच खणात चार पासपोर्ट आहेत. तीन एका देशाचे, चौथा माझा.

मागच्या डिसेंबरात सासूबाई जिन्यावरून पडल्या. तिकडच्या जुन्या घरांत न्हाणीघर वरच्या मजल्यावर, झोपायची खोली वर, आणि चहा करायला खाली यायचं. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया चांगली झाली, त्याबद्दल तुमच्या सरकारी आरोग्यसेवेचे आभार. तिथेच सासऱ्यांनी तीस वर्षं नोकरी केली होती. पण घरी आल्यावर त्या एकट्या. व्हिडिओ कॉलला फोन चहाच्या डब्याला टेकवून ठेवतात, त्यामुळे आम्हाला त्यांचं कपाळ आणि मागचं घड्याळ तेवढं दिसतं. कपाळावरच्या आठ्यांवरून दुखतंय की नाही हे ओळखायला आम्ही शिकलो. फेब्रुवारीत एकदा कॉल सुरू असताना त्या उठल्या आणि वीस मिनिटं परत आल्याच नाहीत. आम्ही चौघं त्या घड्याळाकडे बघत बसलो होतो. त्या रात्री नवरा म्हणाला, आता परत जायला हवं.

"त्यांनाच इकडे आणा की," असं माझी आईसुद्धा म्हणाली. सासूबाईंचं उत्तर होतं, "पन्नास वर्षं इथे कर भरला, आता म्हातारपणी नाशिकला येऊन शहात्तर वर्षांच्या बाईला विमा कोण देतो ते बघत बसू?" ते खरंच होतं. आणि सासऱ्यांना जिथे निरोप दिला ते गाव सोडायचं नाही, हे न बोललेलं कारणही होतं. विषय तिथे संपला.

मग मी हिशेबाला बसले.

तुमचा नियम असा. ब्रिटिश माणसाला परदेशी जोडीदार आणायचा असेल, तर त्याचं वर्षाचं ढोबळ उत्पन्न किमान २९ हजार पौंड हवं. ११ एप्रिल २०२४ पासून हा आकडा आहे. त्याआधी, जुलै २०१२ पासून, तो १८ हजार ६०० होता. एका दिवसात जवळजवळ छप्पन्न टक्के वाढ! आमच्या कारखान्यात मी असा प्रस्ताव नेला असता तर मला घरी पाठवलं असतं.

बरं, माणूस परदेशातून जोडीदारासोबतच परतत असेल तर कुलपं दोन. एक, परदेशातल्या नोकरीतही त्यानं सहा महिने तेवढ्याच पातळीचा पगार घेतलेला हवा. दोन, ब्रिटनमध्ये परतल्यावर तीन महिन्यांत सुरू होणारी, पुन्हा तेवढ्याच पगाराची नोकरी पक्की हवी. आमचं घोडं पहिल्या कुलपातच अडलं. २९ हजार पौंड म्हणजे तीस लाख रुपयांच्या वर. नाशिकमध्ये बदकं मोजून तीस लाख कमावणारा माणूस मला भेटला, तर मी आधी त्याचं ऑडिट करीन. नवऱ्याचे वर्षाचे ७ लाख ८० हजार, म्हणजे सात हजार पौंडांच्या आसपास. इथे त्यात आणि माझ्या पगारात चौघं सुखानं राहतो, गाडी आहे, फ्लॅटचं कर्ज फिटलंय. तुमच्या तक्त्यात आम्ही दरिद्री.

आता माझा पगार. तो तुम्ही मोजत नाही. मी अर्ज भारतातून करणार, म्हणून माझी कमाई शून्य. तिकडे गेल्यावर मी काय कमवीन तेही शून्य, हातात नेमणुकीचं पत्र असलं तरी. पुढची गंमत नियम तिसऱ्यांदा वाचताना सापडली. माझी बँकेतली शिल्लक चालते. माझ्या नावावरच्या घराचं भाडं येत असेल तर तेही चालतं, मुदत ठेवीचं व्याजसुद्धा चालतं. म्हणजे माझ्या भिंतींनी कमावलेला रुपया तुमच्या लेखी रुपया आहे, माझ्या डोक्यानं कमावलेला नाही. आणि तीस महिन्यांनी व्हिसाची मुदत वाढवताना मी तिकडे नोकरीत असले, तर माझा पगार मोजतात! त्याच बाईचा, त्याच शिक्षणाचा.

आता घर. वुल्व्हरहॅम्प्टनचं तीन खोल्यांचं घर सासूबाईंच्या नावावर, कर्ज कधीच फिटलेलं. आम्हाला भाडं एक पेनी नाही. तिकडे राहणाऱ्या कुणालाही विचारा, पगाराचा लचका कोण तोडतं, तर भाडं. पण नियमाला ते दिसत नाही. लंडनला दीड हजार पौंड भाडं भरणाऱ्यालाही २९ हजार, आईच्या घरात राहणाऱ्यालाही २९ हजार. सासूबाई म्हणाल्या, "मी लिहून देते ना, यांना मी सांभाळीन." तिसऱ्या माणसाचं असं वचन एरवी धरत नाहीत. नवरा-बायकोवर किंवा मुलांवर अन्याय्य परिणाम होईल अशी असाधारण परिस्थिती दाखवली, तरच त्याचा विचार होतो. तेवढी फट २०१७ मध्ये तुमच्या सर्वोच्च न्यायालयानं कान धरल्यावर ठेवावी लागली. किमान उत्पन्नाची अट बेकायदा नाही, पण मुलांच्या हिताकडे नियम पुरेसं बघत नाहीत, असा तो निकाल होता. आपल्याकडे घरातली मोठी बाई "मी आहे" म्हणाली की तो ताळेबंदातला सगळ्यात भक्कम आकडा असतो. तुमच्याकडे तो टिपेतसुद्धा येत नाही.

सल्ला घ्यायला कॉलेज रोडवरच्या एका सल्लागाराकडे गेलो. त्यानं आधी फी घेतली, मग विचारलं, "कोटभर रुपये आहेत का?" उत्पन्न अजिबात दाखवायचं नसेल, तर ८८ हजार ५०० पौंड सहा महिने बँकेत पडून असावे लागतात. रोख. सोनं चालत नाही. मी उगाचच विचारलं होतं. भविष्यनिर्वाह निधी चालत नाही, कारण तो हवा तेव्हा काढता येत नाही. फ्लॅट विकला तर त्याचे पैसे चालतात, पण नाशिकमधला दोन बेडरूमचा फ्लॅट विकून कोट होत नाही. आणि झालाच, तर सासूबाईंनंतर आम्ही परतायचं कुठे?

एक पळवाट मला स्वतःला सापडली आणि दोन दिवस मी खूश होते. नवऱ्याला तिकडे काळजीवाहूचा भत्ता मिळत असेल, तर २९ हजारांची अट लागूच होत नाही. घर नीट चालेल एवढं दाखवलं की पुरे. आणि तो जातोय तो आईची काळजी घ्यायलाच! सासूबाईंना उतारवयातल्या मदतीचा भत्ता मिळतोच, त्यामुळे तेही अंगाला बसत होतं. मग खालचं बारीक वाचलं. भत्त्यासाठी माणूस गेल्या तीन वर्षांतली दोन वर्षं ब्रिटनमध्ये असायला हवा. तेरा वर्षं बाहेर राहिलेल्यानं आधी दोन वर्षं तिकडे काढायची, आठवड्याला ३५ तास आईची सेवा करायची, कमाई ठरलेल्या मर्यादेतच ठेवायची, आणि मग बायकोसाठी अर्ज करायचा. मुलगा तोवर नऊ वर्षांचा होईल. ती फाइल मी बंद केली.

राहिला एकच रस्ता, जो तुमच्या देशातली हजारो कुटुंबं निमूटपणे चालतात. नवऱ्यानं एकट्यानं पुढे जायचं, नोकरी धरायची, सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा जमवायच्या, मग मी अर्ज करायचा, आणि निर्णयाची वाट बघायची. धरून चाला, वर्ष.

त्यानं अर्ज टाकले. वेस्ट मिडलंड्समधल्या एका निसर्गसंस्थेनं मुलाखत घेतली आणि नोकरी दिली. तलाव, कालवे, पाणपक्षी, त्याच्या आवडीचंच काम. पत्र आलं तेव्हा तो मला मिठी मारायला स्वयंपाकघरात आला आणि मी पोळी तव्यावर ठेवून आधी आकडा विचारला. २६ हजार ५००.

पोळी करपली.

अडीच हजार पौंड कमी. मी रात्री लॅपटॉप उघडून तुमच्याच करांच्या दरानं आकडेमोड केली. १२ हजार ५७० पौंडांपर्यंत आयकर नाही, त्यावर २० टक्के, आणि राष्ट्रीय विम्याचे ८ टक्के. पेन्शनची कपात बाजूला ठेवली तर २९ हजारवाल्याच्या हातात महिन्याला सुमारे २,०३३ पौंड पडतात. २६ हजार ५००वाल्याच्या हातात १,८८३. फरक १५० पौंडांचा. म्हणजे आठवड्याला पस्तीसेक पौंड, आणि सासूबाईंच्या म्हणण्याप्रमाणे चार माणसांच्या आठवड्याच्या किराण्याच्या निम्म्याहूनही कमी. भाडं नसलेल्या घरात हे १५० पौंड कशाच्या आड येणार होते, हे मी प्रामाणिकपणे शोधलं. सापडलं नाही.

आणि हा अडीच हजारांचा खड्डा बचतीनं बुजवायचा तर? तुमचं सूत्र असं: पहिले १६ हजार पौंड मोजायचेच नाहीत, वरच्या रकमेला अडीचनं भागायचं. म्हणजे २,५०० पौंड भरून काढायला २२ हजार २५० पौंड दाखवायचे, पंचवीस-सव्वीस लाख रुपये. आवळ्याएवढी तूट आणि कोहळ्याएवढी ठेव! हे सूत्र मी आमच्या खात्यातल्या नव्या मुलाला सोडवायला दिलं होतं. त्यानं दोनदा करून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, पहिले सोळा हजार कुठे गेले?"

इथे मला एक कबूल करायचंय. कुठलाच आकडा नसावा असं माझं म्हणणं नाही. लग्न करून परदेशी नेलेल्या आणि तिथे दिवसाचे दहा पौंडही हातात न पडणाऱ्या मुलींच्या कहाण्या आमच्या नात्यागोत्यातही आहेत. घर चालेल की नाही हे तपासणारा कुणी असेल तर मला तो हवाच आहे. पण मग घर तपासा. २०१२ चा १८ हजार ६०० हा आकडा मला आवडला नव्हता, तरी त्याच्यामागे घराचा विचार होता. तुमच्या स्थलांतर सल्लागार समितीनं हिशेब केला होता की इतकं कमावणाऱ्या जोडप्याला उत्पन्नावर ठरणारी सरकारी मदत लागणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे गृहमंत्री जेम्स क्लेव्हर्ली यांनी जोडीदारांसाठी ३८ हजार ७०० जाहीर केले, तो आकडा कुशल कामगारांच्या व्हिसासाठीचा होता. २९ हजार हा त्या शिडीचा पहिला टप्पा, तोही कुशल नोकऱ्यांच्या पगारांच्या तक्त्यातूनच काढलेला. कंपनीनं बाहेरून माणूस आणताना किती पगार द्यावा, या प्रश्नाचं ते उत्तर आहे. नवरा-बायकोनं एका छपराखाली राहायला किती लागतं, हा प्रश्नच वेगळा. दुसऱ्या खात्यावरची रक्कम या खात्यावर खतवली, एवढंच म्हणते.

हे मी एकटीच म्हणत नाही. २०२४ मध्ये सत्तापालट झाला, नव्या गृहमंत्री यव्हेट कूपर यांनी पुढची वाढ थांबवून त्याच समितीला पुन्हा विचारलं. जून २०२५ मध्ये अहवाल आला. किमान वेतनापेक्षा जास्त कमावण्याची सक्ती न करता कुटुंबाला स्वतःचं भागवता यावं हे ध्येय असेल, तर २३ ते २५ हजार पौंड पुरतील, असं त्यात आहे. कामगारांच्या व्हिसाचा आकडा कुटुंबांना लावायला त्यांना आधार सापडला नाही. आमचे २६ हजार ५०० त्या पट्ट्याच्या वर आहेत. अहवाल तुमच्या टेबलावर आहे. मी हे लिहितेय तेव्हा आकडा २९ हजारच आहे.

किमान वेतनाचं निघालं म्हणून सांगते. एप्रिल २०२५ मध्ये लागू झालेला दर तासाला १२ पौंड २१ पेन्स होता. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे, एकही सुट्टी बिनपगारी नाही, तरी होतात २५ हजार ४०० पौंडांच्या आत. सासूबाईंना आठवड्यातून चारदा उठवायला-बसवायला येणारी बाई त्याच दराच्या आसपास काम करते. पन्नाशीची, तिथलीच, हसतमुख. तिनं उद्या परदेशातल्या कुणाशी लग्न करायचं ठरवलं, तर पूर्ण वेळ राबूनही ती नवऱ्याला घरी आणू शकत नाही. तुमच्याच कायद्यानं ठरवलेला पगार तुमच्याच नियमाला पुरत नाही.

"सरकारी तिजोरीवर भार नको" हे कारण दर वेळी दिलं जातं. माझ्या व्हिसावरच शेरा असेल की मला सरकारी मदत घेता येणार नाही. दवाखान्याचे पैसे मी आधीच भरायचे आहेत, वर्षाला १,०३५ पौंडांप्रमाणे, पहिल्या व्हिसासाठी ३,१०५. वर व्हिसाची फी, एप्रिल २०२५ च्या दरानं, १,९३८. तीस महिन्यांनी पुन्हा फी, पुन्हा दवाखाना, पाच वर्षांनी कायम राहण्याची फी. त्याच दरानं सगळी बेरीज बारा हजार पौंडांना टेकते. तिजोरीवर भार टाकायला मी तुमच्या देशात येण्याआधीच तिजोरीत बरीच भर घालून येणार आहे. शिवाय चाळिशीची, शिकलेली, उभ्या जन्मात एक दिवस बिनकामाची न बसलेली बाई विमानातून उतरल्यावर काय करेल असं तुम्हाला वाटतं? सोफ्यावर बसून राहील?

सासूबाईंची एक गोष्ट सांगायची राहिली. १९७४ मध्ये त्या हीथ्रोला उतरल्या, तेव्हा सासऱ्यांचा पगार किती हे कुणी विचारलं नाही. १९७१ च्या कायद्यात कलम होतं: १ जानेवारी १९७३ ला जे राष्ट्रकुलातले पुरुष तिथे स्थायिक होते, त्यांच्या बायका-मुलांना येण्याची मोकळीक पूर्वीपेक्षा कमी होणार नाही. ते कलम १९८८ मध्ये काढून टाकलं. मधल्या काळात आणखीही बरंच होतं. लग्नामागचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरण्याचा नाही हे अर्जदारानंच सिद्ध करायचं, असा एक नियम होता, तो १९९७ मध्ये गेला. पण सासूबाईंना आठवतं ते एवढंच, की अधिकाऱ्यानं विचारलं, "नवरा घ्यायला आलाय का?" आणि त्यांनी मान डोलावली. सासरे तेव्हा कनिष्ठ डॉक्टर होते, भाड्याच्या एका खोलीत राहत होते, नाण्यांवर चालणारी गॅसची शेगडी होती. त्या खोलीचा ताळेबंद आज तुमच्यापुढे ठेवला असता तर सासूबाई मिरजेलाच राहिल्या असत्या, माझा नवरा जन्मलाच नसता, आणि तुमच्या सरकारी रुग्णालयाला तीस वर्षं एक भूलतज्ज्ञ कमी पडला असता.

आता मागणं. आकडा समितीनं सांगितलेल्या पट्ट्यात आणा, ही झाली मोठी गोष्ट, त्याला वेळ लागेल. तोवर दोन लहान गोष्टी करता येतील, त्यांना एक पैसा लागत नाही. अर्जदार जोडीदाराच्या हातात ब्रिटनमधल्या नोकरीचं पत्र असेल तर तो पगार मोजा, जसा परतणाऱ्या ब्रिटिश माणसाच्या नेमणूकपत्रावरचा मोजता. आणि राहायला बिनभाड्याचं घर आहे हे कागदानिशी दाखवलं, तर तेवढं उत्पन्नात धरा. घराचे दाखले मागताच आहात, फक्त त्यांची बेरीज करा. परतणाऱ्यानं परदेशातही पौंडांच्या पातळीचा पगार मिळवलेला असावा, ही अट तर मला विनोदच वाटते. नाशिक, नैरोबी, काठमांडूमध्ये शिकवणारा, दवाखाना चालवणारा, पाणपक्षी मोजणारा तुमचा नागरिक काय कमावतो यावरून तो बर्मिंगहॅममध्ये काय कमवील, हे कसं कळणार?

इंग्लंडच्या बालहक्क आयुक्तांच्या कार्यालयानं २०१५ मध्ये अंदाज दिला होता की या नियमांची झळ १५ हजारांपर्यंत मुलांना लागली असावी. आई किंवा बाप पडद्यावर असलेली मुलं. तेव्हा आकडा १८ हजार ६०० होता. आमची दोन त्यांत आता जमा होतील. मुलीला बापाबरोबर पुढे पाठवावं असा विचार आम्ही केला, कारण तिचं तिकडे माध्यमिक शाळेत जायचं वय झालंय. दोन ब्रिटिश पासपोर्ट, तिला कोण अडवणार? तिनंच मोडता घातला. "मी बाबाबरोबर गेले तर भैय्या इथे रडणार, आणि तो बाबाबरोबर गेला तर तू रडणार," असा तिचा हिशेब. धाकट्याला अजून वाटतं की मी पासपोर्ट ऑफिसात गेले आणि नीट विचारलं तर माझाही पासपोर्ट ते बदलून देतील. त्यानं माझ्या पासपोर्टला निळं वेष्टन घालून ठेवलंय. "आई, आता सारखा दिसतो," म्हणाला. निळा तो आधीपासूनच होता.

आमचं ठरलंय ते सांगून थांबते. नवरा येत्या नऊ तारखेला मुंबईहून निघतो. मी दोन मुदत ठेवी मोडल्या, आईनं लग्नात दिलेल्या पाटल्या आणि आजीचा चपलाहार सराफ बाजारात नेला. सराफानं काट्यावर ठेवताना विचारलं, "वहिनी, घर घेताय का?" हो म्हटलं. काय सांगणार? अडीच हजारांची तूट बुजवायची रोख रक्कम खात्यात पडली आहे, सहा महिने तिला हात लावायचा नाही, म्हणून तेवढ्यासाठी वेगळं खातं उघडलंय. क्षयरोगाची तपासणी आणि इंग्रजीची परीक्षा मी थंडीत उरकीन. फ्रिजवर मुलीनं बारा चौकोनांचा तक्ता लावलाय, महिन्याला एक. पहिल्या चौकोनात तिनं बदक काढलंय.

आपली,
नाशिकची एक हिशेबनीस

सोबत: काही नाही. पहिल्या महिन्याची पगाराची स्लिप अर्ध्या महिन्याची असेल, ती आम्ही मोजणीत धरणार नाही. पूर्ण पगाराची त्याच्या पुढच्या महिन्यात येईल.